सिराक्यूजची चुनखडी

सिसिली बेटावरील सिराक्यूज ही ग्रीक वसाहत करिंथकरांनी ख्रिस्तपूर्व ७३४ च्या सुमारास वसवली. पण तिची वस्ती वाढवली ती युद्धाने. ख्रिस्तपूर्व ४८५ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या गेलोनने आसपासच्या ग्रीक नगरांतील माणसे येथे आणली. मेगारा हिब्लाया शरण येताच त्याने युद्ध छेडणाऱ्या धनिकांना नागरिकत्व दिले आणि ज्या सामान्यांचा त्यात काडीचाही हात नव्हता, त्यांना गुलाम म्हणून विकले! सामान्यांचा सहवास त्याला अप्रिय वाटे, असे हेरोडोटस सांगतो.

येथील चुनखडीच्या खाणी पुढे तुरुंग झाल्या. ख्रिस्तपूर्व ४१३ मध्ये पराभूत अथेन्सचे व त्यांच्या मित्रांचे किमान ७,००० सैनिक तेथे कोंडले गेले. दिवसा ऊन, रात्री गारठा, माणशी जेमतेम पाव लिटर पाणी आणि शेजारी प्रेतांचे ढीग.

त्या स्वारीत अथेन्सकरांनी एपिपोलीचे पठार घेतले होते, हे हुकूमशहा डायोनिसियस विसरला नाही. दशकभरानंतर त्याने खेड्यापाड्यांतील ६०,००० माणसे जुंपून साडेपाच किलोमीटरांचा तट २० दिवसांत उभारला, असे डायोडोरस लिहितो. आकडे फुगवलेले असतील. तटाचे अवशेष मात्र आजही दिसतात. पठार शहरात आले खरे, पण त्याचा बराचसा भाग ओसाडच राहिला.