बिअर, ऋतुमानानुसार

हिवाळ्यात जड, गडद आणि उन्हाळ्यात हलकी, फिकट बिअर प्यावी, हा मूळचा युरोपीय संकेत. तो जिभेने ठरवला अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बिअर ऋतूला बांधली गेली ती आधी आंबवणाऱ्याच्या अडचणीमुळे. बव्हेरियात 1553 च्या फर्मानाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायला मनाई केली, कारण उकाड्यात ती नासे. मग मार्चमध्येच जरा कडक बिअर करून तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तिचे नावच 'मेर्झेन', म्हणजे मार्चची. 1870 च्या दशकात कार्ल फोन लिंडेची शीतयंत्रे आली, अडचण मिटली. वेळापत्रक मात्र चवीच्या नावावर चालू राहिले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरला हे वेळापत्रक आणून लावण्यात अर्थ नाही. मेर्झेनसारखी लागर बिअर दहा अंशांच्या आसपास आंबते आणि या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. इथे मिळणारी थंड बाटली ही फ्रिजची करामत, ऋतूची नव्हे. (2015 ते 2021 जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हा तर तीही कायद्याने मिळत नव्हती.) इथला खरा ऋतुबद्ध पेला झाडावरचा आहे: थंडीत शिंदीचा रस, ऊन तापू लागले की ताडाचा. पहाटे उतरवलेले मडके गोड असते, दुपारी फेसाळते, दुसऱ्या दिवशी आंबटढाण होते. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, नीरा राहते. चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिलेल्या या गावाला चुन्याचे हे दुसरे काम नवे नसावे. जे साठवता येत नाही तेच ऋतूला बांधलेले राहते, असा या रसाचा अर्थ.

यावर मोहाचे उदाहरण पुढे केले जाईल. फूल गळते फाल्गुन-चैत्रात, दारू मात्र बारमाही. पण मोहफूल वाळवून ठेवता येते, म्हणूनच तिचा ऋतू सुटला. तळघरातल्या मेर्झेनचीच ही गोष्ट. दुसरा आक्षेप शरीराचा: उन्हात हलकेच हवेसे वाटते. तसे असते तर भारतात उन्हाळ्यात वाढणारा खप हलक्या बिअरचा असता. देशात सर्वाधिक विकली जाते ती 'स्ट्राँग', आणि गिऱ्हाईक दुकानदाराला प्रकार विचारत नाही, 'थंड आहे का' एवढेच विचारते.