बसलेलं ‘आहे’, उभं ‘आहे’

मी डॉक्टर आहे, मी थकलेलो आहे, मी माद्रिदमध्ये आहे. इंग्रजीत या तिन्ही वाक्यांचं काम ‘टू बी’ या एकाच क्रियापदावर भागतं. स्पॅनिशमध्ये मात्र प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागतो: इथे ‘सेर’ की ‘एस्तार’? डॉक्टर असण्याला सेर, थकलेलं असण्याला आणि माद्रिदमध्ये असण्याला एस्तार.

शिकणाऱ्याला सहसा एक सोपा नियम देतात: कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. मला हा नियम पटत नाही. माद्रिद स्पेनमध्ये आहे, ते उद्या उठून कुठे जाणार नाही. तरी तिथे एस्तार लागतं. तीन वाजलेत, हे साठ मिनिटांत खोटं होतं. तरी तिथे सेर लागतं. आणि मरणाइतकं कायमचं काय आहे? तरी ‘तो मेलेला आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’, म्हणजे एस्तारच. नियमापेक्षा या शब्दांचा इतिहास जास्त कामाला येतो.

एस्तार आलं लॅटिन ‘स्तारे’पासून, म्हणजे उभं राहणं. संस्कृतातला ‘स्था’ धातू याचाच भाऊबंद. सेरचं घराणं जास्त गुंतागुंतीचं आहे. ‘एस’ (तो आहे) आणि ‘सोन’ (ते आहेत) ही रूपं लॅटिन ‘एस्त’ आणि ‘सुंत’ यांच्यापासून आली. आपल्याला त्यांच्या शेजारी ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’ सहज ठेवता येतात. पण खुद्द ‘सेर’ हे मूळ रूप आलं ‘सेदेरे’पासून, म्हणजे बसणं. सदन, परिषद, उपनिषद यांतला ‘सद्’ तो हाच. आणि भूतकाळातलं ‘फुई’ (मी होतो) हे ‘भू’ धातूच्या कुळातलं. म्हणजे अस्, सद् आणि भू असे तीन धातू एका क्रियापदात नांदतात. इंग्रजीतही ‘इज’ हे अस् कुळातलं, ‘बी’ हे भू कुळातलं आणि ‘वॉज’ हे वस्, म्हणजे वस्ती करणं, या कुळातलं. फरक इतकाच, की इंग्रजीने सगळे धातू एका घरात कोंबले. स्पॅनिशने उभं राहणाऱ्याला वेगळी चूल मांडून दिली.

ही वाटणी एका दिवसात झाली नाही. सुमारे १२०० सालच्या ‘कान्तार दे मियो सिद’ या काव्यात माणूस कुठे आहे हे सांगायला सेरही चालतं. पुढच्या काही शतकांत एस्तारने आधी जागा आणि मग स्थिती असा मुलूख हळूहळू काबीज केला. स्थिती हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. स्पॅनिश ‘एस्तादो’ आणि इंग्रजी ‘स्टेट’ दोन्ही त्याच उभं राहण्यातून आले, आणि आपली ‘स्थिती’ही स्था धातूचीच. एखाद्या बदलानंतर वस्तू ज्या स्थितीत येऊन उभी आहे, ती सांगतं एस्तार. मरण हा असाच एक बदल. म्हणून मेलेल्याला एस्तार.

हा नुसता व्याकरणाचा खेळ नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘मुएर्तो’ हे रूप मरण्याबरोबरच मारण्याचंही होतं. त्यामुळे जुन्या कागदात ‘एस्ताबा मुएर्तो’ असेल तर माणूस मेलेला होता, एवढंच कळतं. ‘फुए मुएर्तो’ असेल तर अर्थ बहुधा ‘त्याला मारण्यात आलं’ असा होतो. एका क्रियापदाच्या फरकाने प्रेताशेजारी मारेकरी येऊन उभा राहतो. हे न ओळखता दोन्हींचं भाषांतर ‘तो मेला’ असं केलं, तर इतिहासातून एक खून गायब होतो.

आजची भाषाही हे भान राखून आहे. ‘दार वॉज क्लोज्ड’ या इंग्रजी धाटणीच्या वाक्यातून दार बंद होतं की कुणी बंद केलं, हे संदर्भाशिवाय कळत नाही. स्पॅनिशमध्ये दार नुसतं बंद असेल तर ‘एस्ताबा सेर्रादा’. कुणी तरी बंद केलं असेल तर ‘फुए सेर्रादा’. मराठीत आपण ‘बंद होतं’ आणि ‘बंद करण्यात आलं’ असा फरक करतोच, म्हणून खरं तर मराठी माणसाला हे इंग्रजीच्या मार्गाने शिकण्याची गरज नाही.

म्हणून ‘टू बी’साठी क्रियापद निवडताना मी ‘हे किती दिवस टिकेल?’ असं विचारत नाही. मी विचारतो: इथे ओळख सांगायची आहे, घडलेली गोष्ट सांगायची आहे, की ती घडून गेल्यावर जे मागे उरलं ते? पहिल्या दोहोंना सेर. मागे उरलेल्याला एस्तार.