व्हेलेलाचे खाते

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या हुकुमावरून १७६१ साली अरबस्तानच्या शोधास जी मंडळी निघाली, तीत लिनियसच्या हाताखाली तयार झालेला पेटर फोर्स्कोल नावाचा एक तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. आणि त्याने टिपून ठेवलेल्या भूमध्य समुद्रातील जीवांमध्ये व्हेलेला हा वाऱ्यावर वाहत जाणारा निळा चिमुकला प्राणीही होता. लिनियसने १७५८ साली त्याला मेड्युसांत, म्हणजे छत्रीसारख्या जेलीमाशांत, बसविले होते. फोर्स्कोलने त्याची गणना समुद्रकाकड्यांत केली. १७६३ च्या जुलैत येमेनमधील यरीम येथे फोर्स्कोल निवर्तला, त्याच्या नमुन्यांची चित्रे काढणारा बाउरेनफाइंड मुंबईच्या वाटेवर जहाजातच गेला, आणि सप्टेंबरात मुंबईस पोहोचल्यावर पुढील वर्षी वैद्य क्रामर याचाही तेथेच अंत झाला. एकटा उरलेला भूमापक कार्स्टन नीबूर याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, खुष्कीच्या मार्गाने स्वदेश गाठला, आणि मृत मित्राची प्राणिवर्णने १७७५ साली व चित्रे १७७६ साली छापून काढून त्याचे ऋण फेडले.

या दोन वर्गीकरणांत भेद असला तरी एक गृहीत समान होते, ते हे की व्हेलेला हा एक प्राणी आहे. पुढील शतकात संशय उत्पन्न झाला तो नेमका याच गृहीताविषयी. व्हेलेलाची रचना पाहिली म्हणजे त्या संशयाचे कारण ध्यानी येते. चपट्या लंबवर्तुळाकार तराफ्यात हवेच्या एकाभोवती एक अशा वलयाकार कोठड्या असतात, त्यावर तिरकस उभे पारदर्शक शीड असते, आणि काहींत ते डावीकडे तर काहींत उजवीकडे कललेले असल्यामुळे एकाच वाऱ्यात दोन्ही प्रकार निरनिराळ्या दिशांना वाहत जातात. तराफ्याच्या खाली मात्र वस्तीच भरलेली असते: मध्यभागी भक्ष्य गिळणारे मोठे मुख, त्याच्या सभोवार प्रजोत्पादनाचे काम करणारे लहान जीवक, म्हणजे वस्तीचे एकेक घटक, आणि कडेला दंशपेशींनी सज्ज असे शुंडाकार जीवक, आणि या सर्वांच्या पोकळ्या आतून परस्परांस जोडलेल्या.

अशा प्राण्यास एक म्हणावे की अनेक, हा प्रश्न १८५१ साली गीसन येथील रूडोल्फ लॉइकार्ट याने रोखठोक उपस्थित केला. त्याच्या मते हे अवयव नसून स्वतंत्र व्यक्तीच होत्या. कारखान्यातील श्रमविभागाप्रमाणे एकाने खावे, एकाने मारावे, एकाने प्रजा निर्माण करावी, अशी कामे वाटली गेल्यामुळे त्यांची रूपे बदलत गेली, इतकेच. याच सुमारास 'रॅटलस्नेक' या इंग्रज युद्धनौकेवर दुय्यम शल्यवैद्य म्हणून १८४६ ते १८५० ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात हिंडून आलेला टॉमस हक्स्ली नेमका उलट निर्णय देत होता: एका फलित अंड्यापासून जे जे निपजले ते सारे मिळून एकच व्यक्ती, मग त्याचे तुकडे कितीही स्वतंत्र दिसोत. महसुली दफ्तरात एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्याच्या नावे एकाच खात्यावर लावावी की वारसागणिक हिस्से फोडून मांडावी, अशातलाच हा तंटा होता. जमीन तीच, परंतु पाहणाराचा हेतू वेगळा.

एर्न्स्ट हेकेलने या वादात प्रयोगाचा पुरावा आणला. १८६६–६७ च्या हिवाळ्यात कॅनरी बेटांपैकी लांथारोते येथे मुक्काम करून त्याने सायफोनोफोरांच्या, म्हणजे व्हेलेला ज्यांच्यात त्या काळी गणला जाई त्या तरंगत्या वसाहती प्राण्यांच्या, कोवळ्या गर्भांचे तुकडे केले, आणि त्यांतील काही तुकड्यांपासून निराळे डिंभ वाढल्याचे १८६९ साली प्रसिद्ध केले. अंडे एक आणि प्राणी अनेक, असा हा निकाल हक्स्लीच्या व्याख्येला अडचणीत टाकणारा होता. तथापि त्यामुळे लॉइकार्टचा पक्ष सिद्ध झाला असेही नव्हे, कारण तुकड्यापासून वाढला तो एखादा सुटा जीवक नसून अख्खी वसाहतच होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास टॉटनप्रभृती संशोधकांनी व्हेलेला व त्याचा सोयरा पॉर्पिटा यांस सायफोनोफोरांच्या गटातून काढून, समुद्रतळाशी देठावर वाढणाऱ्या हायड्रॉइडांच्या गोतावळ्यात नेले. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येऊन पडणारी, दंशाने हैराण करणारी ब्लू बॉटल ही मात्र खरी सायफोनोफोर राहिली. रंग निळा आणि वाहणे वाऱ्याचे, एवढ्या साम्यावरून सोयरीक जुळविता येत नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

या फेरवाटणीनेही मूळ प्रश्न मिटला नाही. व्हेलेलाच्या प्रजोत्पादक जीवकांपासून मिलिमीटरभर आकाराचे मेड्युसा सुटून समुद्रात जातात आणि तेथे बीज सोडतात. हक्स्लीचा हिशेब धरला तर मैलोगणती पांगलेले हे पोहणारे जीव एकाच व्यक्तीचे सुटे अंश ठरतात, आणि लॉइकार्टचा धरला तर तराफ्यावाचून क्षणभरही न जगू शकणारे मुख पूर्ण व्यक्ती ठरते. वारसा विचारला तर पहिले उत्तर सोयीचे, कामकाज विचारले तर दुसरे. व्यक्ती ही निसर्गात तयार मिळणारी वस्तू असून ती केवळ मोजायची बाकी आहे, हा समज मात्र या दोन्ही उत्तरांनी सारखाच खोटा पाडला.