हवाई हल्ल्याच्या काळातील वॉर्डन : वस्तीचा पहिला मदतनीस

चेन्नईच्या पश्चिमेस असलेले आवडी हे रणगाड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. येथील अवजड वाहन कारखाना १९६१ मध्ये स्थापन झाला आणि भारतात बनलेले 'विजयंता' रणगाडे येथूनच बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धातही आवडीत लष्करी तळ होता. लष्करी ठाणी आणि रेल्वेमार्ग यांना लागून नागरी वस्ती असलेल्या अशा शहरांत युद्धकाळी हवाई हल्ल्याचा धोका अधिक असतो. बॉम्ब पडल्यानंतर अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका पोहोचण्यापूर्वी घटनास्थळी असते ती व्यक्ती म्हणजे त्या वस्तीतील वॉर्डन होय.

मद्रासचा अनुभव

५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर आणि दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम व काकीनाडा या बंदरांवर हल्ला केला. त्यानंतर मद्रास सरकारने, ज्यांचे शहरात राहणे आवश्यक नाही अशा नागरिकांना बाहेर जाण्यास सांगितले. सरकारी कार्यालये अन्यत्र हलविण्यात आली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. बॉम्बमुळे पिंजरे फुटतील या भीतीने प्राणिसंग्रहालयातील हिंस्र प्राण्यांना गोळ्या घालण्यात आल्या. प्रत्यक्षात त्या महिन्यात मद्रासवर बॉम्ब पडलाच नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये एका जपानी विमानाने शहरावर बॉम्ब टाकले, तेव्हा त्यामानाने हानी अल्प झाली. बॉम्बइतकीच अफवाही शहर ओस पाडू शकते, हे या घटनांवरून दिसून आले. म्हणूनच लोकांना खरी माहिती देऊन धीर देणे हे वॉर्डनच्या कर्तव्यांमध्ये महत्त्वाचे मानले जाते.

रचना

भारतातील नागरी संरक्षण व्यवस्थेत साधारणतः १० हजार लोकवस्तीमागे एक वॉर्डन चौकी आणि तिच्या अंतर्गत सुमारे २ हजार लोकवस्तीचे विभाग अशी रचना असते. वॉर्डन हा त्याच वस्तीत राहणारा स्वयंसेवक असतो. तो पोलीस नसल्यामुळे त्याचे काम प्रामुख्याने समजावणीने चालते.

भोंगा वाजण्यापूर्वी

वॉर्डनच्या कामाचा मोठा भाग शांततेच्या वेळीच पार पडतो. कोणत्या घरात किती माणसे राहतात, रात्री ती कोठे झोपतात, त्यांत वृद्ध, आजारी, अपंग किंवा गरोदर स्त्रिया किती, याची नोंद त्याच्याजवळ असावी लागते. ढिगाऱ्याखाली नेमके कोठे शोधायचे, हे बचाव पथकाला या नोंदीवरूनच कळते. विहिरी, पाण्याच्या टाक्या, विजेची मुख्य बटणे आणि आसऱ्याच्या जागा त्याला अंधारातही सापडल्या पाहिजेत. घरोघरी वाळू व पाण्याच्या बादल्या ठेवण्यास सांगणे, हातपंपाने आग विझविण्याचा सराव घेणे आणि अंधार पाळण्याच्या काळात रात्री फेरी मारून खिडकीतून प्रकाश बाहेर पडत नाही ना हे पाहणे, ही त्याची नित्याची कामे होत.

हल्ल्याच्या वेळी

चढउताराच्या आवाजात दोन मिनिटे वाजणारा भोंगा हा धोक्याचा इशारा असतो. एकाच सुरात दोन मिनिटे वाजणारा भोंगा धोका टळल्याचे सुचवितो. पहिला भोंगा होताच वॉर्डन रस्त्यावरील लोकांना आसऱ्याच्या जागी पाठवितो.

बॉम्ब पडल्यास त्याचे पहिले काम नियंत्रण कक्षाला अचूक अहवाल देणे हे असते. घटनेचे ठिकाण, बॉम्बचा प्रकार, जखमींची अंदाजे संख्या, ढिगाऱ्याखाली कोणी अडकले आहे काय, आग लागली आहे काय, पाणी व वीज यांचे झालेले नुकसान, बंद पडलेले रस्ते आणि न फुटलेले बॉम्ब एवढी माहिती त्यात थोडक्यात असते. ठिकाण चुकीचे कळविल्यास पथक भलत्याच गल्लीत जाते आणि अडकलेल्यांचा अमूल्य वेळ वाया जातो. अहवालानंतर प्रथमोपचार, लहान आगी विझविणे, न फुटलेल्या बॉम्बजवळून लोकांना दूर ठेवणे आणि आलेल्या पथकाला वाट दाखविणे ही कामे सुरू होतात. शेवटी नोंदवहीतील प्रत्येक नावाचा ठावठिकाणा लावावा लागतो.

पुढील वाटचाल

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये नागपूर येथे या विषयाची केंद्रीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा संमत झाला. १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावून अंधार पाळला. पुढे कायद्यात दुरुस्ती करून आपत्ती व्यवस्थापनाचाही नागरी संरक्षणाच्या कार्यात समावेश करण्यात आला. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्यास सांगितले, तेव्हा अनेक शहरांत भोंगे पुन्हा ऐकू आले. साधने बदलली तरी शेजारच्या घरात कोण राहते हे ठाऊक असलेल्या माणसाची गरज पूर, चक्रीवादळ वा भूकंपाच्या वेळीही तितकीच भासते.