शेतातल्या सेन्सरचा ‘मुकादम’ कोण ठरवतं?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि डिजिटल शेतीवर काम सुरू झालं, तेव्हापासून ‘सेन्सर’ हा शब्द या भागात नवा राहिलेला नाही. पण शेतात शंभर सेन्सर लावले, तर त्यांच्यात कामं कोण वाटून देतं?

अडचण बॅटरीची

समजा, कापसाच्या शेतात जमिनीतली ओल मोजणारे १०० सेन्सर आहेत. प्रत्येकाने दूरच्या केंद्राला थेट माहिती पाठवली, तर बॅटरी लवकर संपते. म्हणून गट पाडतात. गटाचा एक मुकादम सगळ्यांची माहिती गोळा करून एकत्र पाठवतो. पण कायम एकच मुकादम ठेवला, तर त्याची बॅटरी आधी संपते आणि सगळा गट मुका होतो.

उपाय पाळीचा

जायकवाडीच्या कालव्यावर पाणीपाळी असते, पण ती ठरवायला पाटबंधारे खातं आहे. सेन्सरवर असा कोणी साहेब नसतो. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००० साली ‘लीच’ ही पद्धत मांडली.

मुकादम ५ टक्के हवेत असं ठरवलं, तर २० फेऱ्यांचं एक चक्र होतं. दर फेरीला प्रत्येक सेन्सर स्वतःशीच ० ते १ मधला एक आकडा काढतो. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आला, तर तो मुकादम. पहिल्या फेरीत ही मर्यादा ०.०५ असते. पाळी झालेल्यांना चक्र संपेपर्यंत सुट्टी मिळते. उरलेल्यांसाठी मर्यादा वाढत जाते आणि शेवटच्या फेरीत ती १ होते. म्हणजे पाळी कोणालाच चुकत नाही. बाकीचे सेन्सर ज्या मुकादमाचा सिग्नल सगळ्यात जोरदार, त्याच्या गटात जातात.

उणीव कुठे?

मूळ ‘लीच’ शिल्लक बॅटरी बघत नाही. पाळी आली की अशक्त सेन्सरलाही ओझं उचलावं लागतं.

२००५ मध्ये फ्रँक आणि रोमर या संशोधकांनी भूमिका अटींच्या भाषेत लिहिण्याची पद्धत मांडली. उदाहरणार्थ: ‘बॅटरी पुरेशी असेल आणि माझ्या टापूत दुसरा कोणी जागा नसेल, तर मी जागा राहीन, नाहीतर झोपेन.’ जागा असलेला बंद पडला, की शेजारी तीच अट पुन्हा तपासतो आणि कामाला लागतो.

हुकूम देणारा कोणी नसला, तरी नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे काम अडत नाही.