घरची घोडी, घरचं शिंगरू

बंगालमध्ये मुलांना झोपवताना म्हणायचं एक जुनं अंगाईगीत आहे, त्यात 'बर्गी' येतात. हे बर्गी म्हणजे कोण, तर आपले नागपूरकर! पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर जात राहिल्या. शेवटी १७५१ साली अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा हे थांबलं. बर्गी हा शब्द आला 'बारगीर'वरून. गंमत म्हणजे मूळ शब्दात लुटारूपणाचं काही नाही. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा नाही तो स्वार.

ज्याचा घोडा आणि हत्यारं स्वतःची, तो शिलेदार. बारगिराचा घोडा पागेचा, म्हणजे सरकारचा किंवा सरदाराचा. त्यामुळे पगार कमी, मानही कमी. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. (पाणी आणि नाल, दोन्हींची सोय! आमच्या ऑफिसात पंचवीस माणसांमागे एक धड प्रिंटरसुद्धा नसतो. असो.)

मला नेहमी पडणारा प्रश्न असा की बारगिराने शिलेदार व्हायचं कसं? आणि शिलेदाराची घोडी लढाईत पडली तर? तो दुसऱ्या दिवशी बारगीर. दुसरी घोडी विकत घ्यायची ऐपत नसेल तर एकच वाट उरते : घोडी आहे तोवरच ती भरवायची आणि घरचं शिंगरू वाढवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मौद्याच्या एका ओळखीच्या माणसाने त्याचा हिशोब माझ्यासमोर मांडला तेव्हा ते किती महाग आहे ते कळलं.

मौदा म्हणजे नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की लागणारं कन्हानकाठचं गाव. आता लोकांना ते एनटीपीसीच्या वीज प्रकल्पामुळे माहीत असतं. या गृहस्थांकडे वरातीची एक घोडी आहे. ती भरवावी की नाही, हे त्यांचं दोन वर्षं चाललंय. घोडी गाभण राहते अकरा महिने. चैत्रात भरवली तर फाल्गुनात विणार. म्हणजे शेवटचे तीन-चार महिने वरात बंद, बँडच्या आवाजात तिला उभी करणार कोण? पुढे ऐन लग्नसराईत शिंगरू दूध पितंय. एक अख्खा सीझन गेला. शिंगरू पाठीवर माणूस घेण्याजोगं व्हायला आणखी तीन-चार वर्षं. तोवर दोघांचा चंदी-चारा! शिवाय अंगावर आसूढाळ भोवरा निघाला तर गिऱ्हाईक नाक मुरडणार. देवमण निघाला तर नशीब.

हाच हिशोब अठराव्या शतकातल्या शिलेदाराला लावून बघा. (हिशोब माझा आहे, बखरीतला नाही.) फौज दसऱ्याला बाहेर पडायची आणि पावसाळ्याला छावणीत परतायची. श्रावणात घोडी भरवली तर पुढच्या आषाढात विणार, म्हणजे पहिल्या मोहिमेच्या उत्तरार्धात ती जड. दुसऱ्या दसऱ्याला शिंगरू जेमतेम तीन महिन्यांचं. दोन मोहिमांचं नुकसान सोसेल असा शिलेदार दारात दुसरं जनावर असलेलाच असणार. म्हणजे ज्याला शिंगराची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते परवडत नाही.

राजेलोकांनी यावर काढलेला तोडगा जुनाच : विकत घ्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर गेला होता. तो लिहितो की तिथले राजे दर वर्षी हजारोंनी घोडे होर्मुझ, एडनकडून मागवतात आणि वर्षभरात बहुतेक मरतात. खाणं चुकीचं, नालबंद कोणी नाही. आणि व्यापारी मुद्दाम नालबंद येऊ देत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक कायम! उत्तम घोडीला उत्तम घोडा दाखवला तरी तिथे वाकड्या पायांचं शिंगरू होतं, असंही तो सांगतो. थोडी अतिशयोक्ती असेल, पण दमट किनाऱ्यावर पैदास जमली नाही एवढं खरं. भीमेच्या कोरड्या खोऱ्यात मात्र जमली. आलेले अरबी, तुर्की घोडे आणि इथल्या घोड्या यांच्यातून आटोपशीर, काटक असं भीमथडी घोडं तयार झालं.

मग गिऱ्हाईकच गेलं. पेशवाई १८१८ ला संपली. नागपूरचे तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, राज्य खालसा झालं आणि राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल गेले. दागिन्यांच्या लिलावाबद्दल आपल्याकडे हळहळ असते. मला घोड्यांबद्दल जास्त वाटते. दागिना कुठेतरी शिल्लक राहतो, वंश विखुरला की संपला. पुढे इंग्रजी रिसाल्यांसाठी ऑस्ट्रेलियातून जहाजं भरून 'वेलर' घोडे यायला लागले. इथल्या घोडीला शिंगरू झालं काय नि न झालं काय, विचारणारं कोणी उरलं नाही.

तरी भीमथडी टिकलं, ते सरदारांच्या पागेत नव्हे तर धनगरांकडे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढरांमागे चालणारी घोडी, आणि तिच्यामागे चालणारं तिचं शिंगरू. त्यांच्याकडे घोडीचं काम चालण्याचं. शिंगरू सोबत चाललं तरी काम अडत नाही, म्हणून तो दोन मोहिमांचा तोटा त्यांना नाही. २०२३ साली भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, देशातली आठवी घोड्याची जात. योगायोग असा की ज्या गीतात भीमथडीच्या घोड्यांना यमुनेवर नेलंय ते 'जय जय महाराष्ट्र माझा' त्याच वर्षी राज्यगीत झालं, आणि ते लिहिणारे राजा बढे नागपूरचेच.

२०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे नि तट्टं मिळून साडेतीन लाखसुद्धा भरली नाहीत. सात वर्षांपूर्वी ती सव्वासहा लाख होती. मौद्याच्या त्या गृहस्थांना मी भीमथडी वळूबद्दल सुचवलं. ते म्हणाले, "बारामती इथून सातशे किलोमीटर. घोडी न्यायची कशात, आणि तेवढे दिवस वरातीला कोण?"