जिन्याखालची पेटी

ब्रिटनमधल्या जुन्या घरात विजेची पेटी शोधायला फार हिंडावे लागत नाही. दर्शनी दाराच्या आत शिरले की जिन्याखालच्या कपाटात, कोट, छत्र्या आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ती बहुधा सापडते. तिकडे तिला कन्झ्युमर युनिट म्हणतात. आपल्याकडच्या वायरमनच्या भाषेत डीबी. एवढ्या घरांत तीच जागा का, असे विचारले तर उत्तर मिळते की घराच्या मध्याजवळ पेटी असली म्हणजे वायर कमी लागते. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पेटीची जागा घरात राहणाऱ्यांचा विचार करून ठरलेली नाही. रस्त्याखालून आलेली केबल घरात जिथे शिरली आणि कंपनीच्या माणसाला मीटर जिथे सहज गाठता आला, तिथे पेटी बसली. नियम करणाऱ्यांनी पुढची शंभराहून अधिक वर्षे तिच्या आत काय असावे याचाच खल केला. ती कुठे असावी हा प्रश्न फार उशिरा निघाला, आणि तोही अर्धामुर्धाच.

विजेच्या जोडणीचे तिथले पहिले नियम 1882 सालचे. टेलिग्राफ आणि विजेच्या अभियंत्यांच्या सोसायटीने ते काढले, आणि विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळणे हा त्यांचा उद्देश नावातच सांगितलेला होता. त्याच वर्षी फीनिक्स या आगविमा कंपनीनेही आपले नियम छापले. विमा कंपनीच्या दृष्टीने धोका म्हणजे तापलेली तार, आणि त्यावरचा उपाय म्हणजे तार तापण्याआधी स्वतः वितळणारा फ्यूज. तो फ्यूज ज्या फळीवर बसायचा ती फळी घरात कुठे ठोकायची, हे मात्र केबल आणि मीटर यांनीच ठरवले. नाणे टाकून वीज घ्यायचे मीटर आले, तेव्हा नाणी गोळा करायला येणाऱ्या माणसासाठी दाराजवळची जागा आणखीच पक्की झाली. दिव्यांचा दर वेगळा, शेगडी-हीटरचा वेगळा. म्हणून मीटर दोन, वायरिंग दोन आणि पेट्याही दोन. 1948 मध्ये वीजधंद्याचे राष्ट्रीयीकरण होईपर्यंत पाचशेहून अधिक वेगवेगळे पुरवठादार होते, काही ठिकाणी डीसी तर काही ठिकाणी एसी. नवे उपकरण आले की फळीवर आणखी एक पेटी चढे. पुष्कळ जोडण्यांत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांवर फ्यूज असत. त्यातला न्यूट्रलचा उडाला तर दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये वीज तशीच असायची. अंधारात बल्ब काढायला हात घालणाऱ्याचा विचार या मांडणीत नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो घरे बांधायची होती आणि तांबे दुर्मिळ होते. 1944 मध्ये एका समितीने घरगुती वायरिंगबद्दल अहवाल दिला. समितीतल्या एकमेव स्त्री सदस्य कॅरोलाइन हॅस्लेट यांनी घरात वावरणाऱ्या बाईमाणसांची आणि मुलांची बाजू लावून धरली. यातूनच रिंग सर्किट, म्हणजे पेटीतून निघून पुन्हा पेटीतच येणारे तारेचे वळे, रुळले, आणि 1947 च्या मानकाने फ्यूज असलेला चौकोनी पिनांचा प्लग आला. भारताने तो घेतला नाही; आपण जुन्या ब्रिटिश गोल पिनांवरच राहिलो. दुसरा परिणाम असा की अनेक पेट्यांची एक पेटी झाली. फ्यूज ओळखायला रंगाचे ठिपके आले: पाच अँपिअरला पांढरा, पंधराला निळा, तीसला लाल. आपल्या किटकॅट फ्यूजप्रमाणेच यातही तार बदलायची असे, आणि हाताशी असेल ती जाड तार घालण्याची खोडही दोन्हीकडे सारखीच. पेटी सुधारली, तिची चौकट आधी लाकडाची होती ती पुढे प्लास्टिकची झाली, पण जिन्याखालची जागा सुटली नाही.

यावर कोणी म्हणेल की जागा बदलणे त्या काळी शक्यच नव्हते. केबल, मीटर आणि पेटी यांची गाठ घट्ट बांधलेली होती. हा युक्तिवाद नंतर पुरवठादारांनीच खोडून काढला. 1970 च्या दशकापासून नव्या घरांत मीटर बाहेरच्या भिंतीवरच्या कपाटात जाऊ लागला, म्हणजे रीडिंग घ्यायला दार ठोठावायला नको. कंपनीची सोय झाली तेव्हा मीटर हलला. फ्यूजची पेटी बहुतेक ठिकाणी आतच राहिली.

याची किंमत या शतकात लक्षात आली. प्लास्टिकच्या पेट्यांना लागणाऱ्या आगी वाढल्याचे लंडनच्या अग्निशमन दलाला दिसले, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा सैल राहिलेले स्क्रू होते. जानेवारी 2016 पासून घरातल्या नव्या पेटीचे आवरण न जळणारे, व्यवहारात पोलादी, असावे असा नियम झाला. दोष स्क्रूचा असेल तर जागेला का बोल लावायचा, हा आक्षेप वाजवी आहे. पण स्क्रू सैल राहिल्याने आग कशी लागते एवढेच त्यातून कळते. लागल्यावर काय होते ते पेटीच्या डोक्यावर काय आहे त्यावर ठरते. इथे डोक्यावर लाकडी जिना आहे, आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना खाली यायला दुसरी वाट नाही. पोलादालाही स्वतःची खोड आहेच. जिथे अर्थिंग जमिनीत ठोकलेल्या सळईवर अवलंबून असते, तिथे आत येणारी फेजची तार आरसीडीच्या (वीजगळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) अलीकडे पत्र्याला लागली तर पेटीच जिवंत होते. म्हणून तिथे त्या तारा घट्ट धरून ठेवण्याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

आता उरतो प्रश्न पेटी हलवण्याचा. ती हलवली की जुन्या केबल नव्या जागेपर्यंत पोचत नाहीत, त्यांना सांधे द्यावे लागतात, आणि प्रत्येक सांधा म्हणजे सैल पडू शकणारी आणखी एक जागा. हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि म्हणूनच सरसकट सगळ्या पेट्या उचला असे म्हणता येत नाही. पण त्याचा रोख मूळ निर्णयाकडेच वळतो: दुरुस्ती महाग पडते, कारण पहिल्यांदा जागा कुणी निवडलीच नाही. मीटरपासून पेटीपर्यंतच्या तारा साधारण तीन मीटरपलीकडे गेल्या तर मीटरजवळ स्वतंत्र फ्यूज-स्विच बसवावा लागतो. रस्त्याची केबल आणि सीलबंद फ्यूज वितरण कंपनीचा, मीटर वीज विकणाऱ्याचा, पेटी घरमालकाची. सील तोडण्याचा अधिकार घरमालकाला नाही, म्हणून पुरवठा बंद करून घ्यायलाही दुसऱ्याकडे अर्ज करावा लागतो. इंग्लंडमध्ये पेटी बदलली तर स्थानिक बांधकाम विभागाला कळवणे किंवा नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेणे सक्तीचे आहे. पेटीतले स्विच जमिनीपासून 1350 ते 1450 मिलिमीटरवर असावेत, म्हणजे मोठ्यांचा हात पोचेल आणि लहानग्यांचा नाही, असे 2013 च्या मार्गदर्शिकेने सुचवले. ते नव्या घरांपुरते आहे. जिन्याखालच्या जुन्या पेट्यांना ते लागू नाही.